लघवीच्या तपासणीवर भागेल का? आण्णा आता दुर्बिणीला नको म्हणतात

शिरोली नाका

नमस्कार मंडळी. वडिलांविषयी विचारायचं आहे, जरा लांबण लागेल.

आण्णांचं वय 68. इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या डाईंग खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रंगाची पावडर मापायची, गरम पाण्यात कालवायची, जिगरवर (रंगाच्या यंत्रावर) कापड फिरत असताना शेजारी उभं राहायचं. हातमोजे, मास्क त्या वेळी कुणी देत नव्हतं. संध्याकाळी घरी आले की बनियनसुद्धा निळं नाहीतर लाल झालेलं असायचं. वर बिडी. ती आत्ता कुठं सुटली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास लघवीतून रक्त गेलं. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दोन दिवसांत आपोआप थांबलं म्हणून त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. संक्रांतीला परत गेलं, ते आईच्या नजरेला पडलं. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली, ती लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काढली. बायोप्सीत कॅन्सर निघाला, हाय ग्रेड (जोराने वाढणारा), टी-वन, म्हणजे स्नायूपर्यंत गेलेला नाही. काही आठवड्यांनी त्याच जागी परत खरवडून बघितलं, तिथं काही उरलं नव्हतं. मग मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लसीचंच औषध, रोग परतू नये म्हणून), आठवड्याला एक असे सहा डोस. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि सोबत लघवीची सायटोलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशींची तपासणी.

अडचण इथून पुढं आहे. मागची दुर्बीण आण्णांना फार लागली. दोन दिवस लघवीला बसताना भिंत धरत होते. आता म्हणतात, "परत मला त्या टेबलावर झोपवायचं न्हाई." त्यात पुण्याचा आतेभाऊ सांगून गेला की आता लघवीवरच कॅन्सर कळतो, परदेशात दुर्बीण बंदच होत चाललीय. आणि नेमका सायटोलॉजीचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. आण्णांनी तो देवघरात ठेवलाय. कुणी दुर्बिणीचा विषय काढला की तिकडं बोट दाखवतात.

तर प्रश्न असा: लघवीच्या तपासण्या खरंच इतक्या भरवशाच्या झाल्यात का? दुर्बिणीऐवजी त्या करून चालतील का? कोल्हापुरात काय काय होतं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढची तारीख जवळ आलीय.

जुना बुधवार

भावा, मी ह्याच वाटेचा. माझी गाठ लो ग्रेड होती, म्हणजे आण्णांच्यापेक्षा सौम्य. पण परत परत उगवायची खोड तिला आहे. एकदा माझी पण लघवी निगेटिव्ह आली होती आणि त्याच आठवड्यात दुर्बिणीत डाव्या बाजूला बारकी गाठ दिसली. लगेच जाळून टाकली, त्याच दिवशी घरी. रिपोर्टवर विसंबून घरात बसलो असतो तर ती वाढत बसली असती. त्यामुळं माझं उत्तर सरळ आहे, तपासणीला जायचंच.

पण आण्णांचं दुखणं मी समजू शकतो, त्यांना हट्टी म्हणू नका. दुर्बीण दोन प्रकारची असते. एक ताठ, लोखंडी नळीसारखी, आणि एक वाकणारी, बारीक. गाठ काढायला ताठच लागते, त्या वेळी कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात म्हणून कळत नाही. नुसतं बघायचं असेल तर वाकणारी चालते, पुरुषांना ती खूप सुसह्य जाते. सगळीकडं नसते. आधी फोन करून "फ्लेक्सिबल आहे का" असं विचारा, नसेल तर मिरजेला चौकशी करा. भूल यायची जेली सोडल्यावर लगेच सुरू करू नका, पाच-दहा मिनिटं थांबा, असं नम्रपणे सांगा. घाईच्या ओपीडीत हीच मिनिटं मारली जातात. नळी आत जाताना लघवीला जोर लावल्यासारखं करायचं आणि श्वास सोडायचा. पडदा दिसत असेल तर बघायचं, मन तिकडं जातं. घरी आल्यावर पाणी भरपूर. जळजळ एक-दोन दिवस राहते. ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

गोकुळ शिरगाव

आमच्या ग्रुपवर एक आलंय, लघवीचे चार थेंब पट्टीवर टाकायचे, अर्ध्या तासात मूत्राशयाचा कॅन्सर आहे की नाही कळतं. घरबसल्या. ते मागवून बघा की. दर महिन्याला केलं तरी परवडेल.

काचपट्टी

मी कोल्हापुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सायटोलॉजीच्या टेबलावर काम केलं, आता निवृत्त आहे. लघवीच्या काचपट्ट्या रंगवणं आणि डॉक्टरांच्या आधी पहिली नजर टाकणं हे माझं काम. म्हणून ह्या विषयावर मला मनापासून लिहायचं आहे, कारण "निगेटिव्ह" हा शब्द आमच्या टेबलावरून जातो तेव्हा त्याचा अर्थ एक असतो आणि घरी पोहोचतो तेव्हा वेगळाच झालेला असतो.

आधी आम्ही काय करतो ते सांगते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत झडत असतात आणि लघवीतून बाहेर पडतात. सॅम्पल आलं की यंत्रात फिरवून तळाचा गाळ घ्यायचा, काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी बघायची. ही पद्धत जुनी आहे. ज्या पापानिकोलाऊंच्या नावाने बायकांची पॅप तपासणी होते, त्यांनीच मार्शल यांच्यासोबत 1945 मध्ये लघवीच्या गाळातून कॅन्सर ओळखण्यावर लिहिलं होतं. पेशीचं केंद्रक मोठं झालंय का, गडद आणि वेडंवाकडं झालंय का, हे आम्ही शोधतो.

हाय ग्रेड कॅन्सरच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटलेली असते. पिकलेल्या जोंधळ्याचं कणीस चोळलं की दाणे हातात येतात तशा त्या लघवीत येतात, आणि दिसायलाही इतक्या बिघडलेल्या असतात की सहसा चुकत नाहीत. लो ग्रेडच्या पेशी घट्ट धरून असतात, फार झडत नाहीत, आणि झडल्या तरी जवळजवळ निरोगी पेशीसारख्याच दिसतात. युरोपच्या युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आकडे दिलेत: हाय ग्रेडमध्ये सायटोलॉजी 100 पैकी साधारण 84 जणांत रोग पकडते, लो ग्रेडमध्ये जेमतेम 16 जणांत. वरच्या जुन्या बुधवारच्या दादांची लघवी निगेटिव्ह आणि दुर्बिणीत गाठ, हे ह्याच हिशोबात बसतं. लॅबचं त्यात काही चुकलेलं नसेल.

2016 मध्ये ह्या रिपोर्टची भाषा जगभरासाठी एकसारखी ठरवली गेली, तिला पॅरिस पद्धत म्हणतात. त्यातल्या निगेटिव्हचा पूर्ण शब्दप्रयोग "हाय ग्रेड कॅन्सरसाठी निगेटिव्ह" असा आहे. म्हणजे रिपोर्ट लिहिणारा स्वतःच सांगतोय की मी फक्त हाय ग्रेडबद्दल बोलतोय. आण्णांना हे कागदावर बोट ठेवून दाखवा. आणि हाय ग्रेडमध्येसुद्धा 84 म्हणजे उरलेले 16 निसटतात. आण्णांचा रोग हाय ग्रेड टी-वन आहे. हा परत आला आणि स्नायूत शिरला तर मूत्राशयच काढायची वेळ येते. तीन महिन्यांनी सापडलेली गाठ आणि वर्षाने सापडलेली गाठ ह्यांत हाच फरक पडू शकतो.

माझं म्हणणं एका ओळीत: लघवीच्या तपासणीने "आहे" म्हटलं तर तिचं ऐकायचं, "नाही" म्हटलं तर तेवढ्यावर आण्णांची दुर्बीण टाळायची नाही.

आता आतेभावाचं. तो अगदीच वाऱ्यावर बोलत नाहीये. सायटोलॉजीच्या पुढच्या तपासण्या खरोखर आहेत. युरोव्हिजन नावाची फिश तपासणी पेशीतली गुणसूत्रं रंगीत ठिपक्यांनी मोजते: 3, 7 आणि 17 क्रमांकाची जास्त झालीत का, आणि 9 क्रमांकाचा एक तुकडा हरवलाय का. सीएक्सब्लॅडर ही न्यूझीलंडची, ती लघवीतले पाच जनुकांचे आरएनए मोजते. ब्लॅडर एपिचेक ही इस्रायलची, ती डीएनएवरच्या 15 रासायनिक खुणा बघते. एक्सपर्ट ब्लॅडर मॉनिटर तर त्याच जीन एक्सपर्ट यंत्रावर चालते, ज्यावर आपल्याकडे क्षयरोगाची थुंकी तपासतात. ह्यातल्या बऱ्याच तपासण्या लो ग्रेडमध्येही सायटोलॉजीपेक्षा जास्त रोग पकडतात. पण बदल्यात खोटा इशाराही जास्त वेळा देतात.

परदेशात दुर्बीण बंद झाली, हे मात्र खरं नाही. अमेरिकेत 2025 मध्ये सूचना बदलल्या त्या अशा लोकांसाठी, ज्यांच्या लघवीत फक्त सूक्ष्मदर्शकातून दिसेल इतकंच रक्त आहे, धोका मध्यम आहे आणि ज्यांना दुर्बीण नको आहे. त्यांना सगळं समजावून लघवीची तपासणी देता येते, सोबत सोनोग्राफी करायचीच. डोळ्यांनी दिसेल असं रक्त गेलं असेल तर त्यांच्याकडेही दुर्बीणच. डेन्मार्कमध्ये हाय ग्रेडच्या रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात मधल्या काही दुर्बिणींच्या जागी लघवीची जनुकीय तपासणी ठेवली होती, दुर्बीण पूर्ण काढून टाकली नव्हती. तेही ठरलेल्या वेळापत्रकात आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. पुढेमागे आपल्याकडे असं होईल आणि व्हावं, मला फार आनंद होईल. आज आण्णांनी मनाने ते करू नये.

गोकुळ शिरगावच्या भाऊंना: अशा पट्ट्या जगात आहेत, एनएमपी22 आणि बीटीए ही त्यातली जुनी नावं. लघवीत जंतुसंसर्ग असला, खडा असला, नुकतीच नळी घातलेली असली की त्या पॉझिटिव्ह दाखवू शकतात. बीसीजी घेतलेल्या माणसाचं मूत्राशय तर आतून सुजलेलंच असतं. आणि बारक्या गाठी त्यांच्यातून निसटतात. ग्रुपवरून आलेली पट्टी कुणाची, कधीची, कशी साठवलेली हे कुणाला माहीत? आण्णांच्या हातात ती देऊ नका. एक गुलाबी रेघ बघून दर महिन्याला घर हादरेल, नाहीतर रेघ आली नाही म्हणून सगळे निर्धास्त होतील.

शिरोली नाका

ताई, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. रिपोर्ट काढून बघितला, खरंच तसंच लिहिलंय, "हाय ग्रेडसाठी निगेटिव्ह". आम्ही फक्त शेवटचा शब्द वाचला होता.

अजून थोडं विचारतो. दुर्बिणीत सगळं साफ आणि लघवीत पॉझिटिव्ह असं उलटं झालं तर? आणि सॅम्पल द्यायचं कसं? मागच्या वेळी आण्णांनी पहाटे उठल्या उठल्या बाटलीत धरलं आणि मी ड्युटी संपवून संध्याकाळी लॅबला नेऊन दिलं.

काचपट्टी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण ह्यावर मी आयुष्यभर लोकांशी बोलत आले. काउंटरवर बाटली घेणाऱ्या मुलाला हे सांगायला वेळ नसतो आणि नातेवाईकांना विचारायचं सुचत नाही.

पहाटेची पहिली लघवी सायटोलॉजीला नको. ती रात्रभर मूत्राशयात साचलेली असते, त्यात पेशी कुजतात, फुगतात, केंद्रक पुसट होतं. साखरेची, प्रोटीनची साधी तपासणी वेगळी, हे वेगळं. उठल्यावर पहिली लघवी करून टाकायची, पाणी प्यायचं, थोडं चालायचं आणि दुसऱ्या वेळची द्यायची. निदान 30 मिली, जास्त असली तर उत्तमच. शक्यतो लॅबमध्येच जाऊन द्यावी. घरून न्यायची असेल तर लगेच न्यावी. उशीर होणार असेल तर लॅबकडून आधीच द्रव घातलेली बाटली मागून घ्यावी, त्यात पेशी टिकतात. सकाळची बाटली संध्याकाळी पोहोचली तर आम्हाला काचेवर अर्धवट विरघळलेल्या पेशी दिसतात. त्यावरून दिलेला रिपोर्ट कुणाच्याच कामाचा नाही. मागच्या वेळचं सॅम्पल तसं गेलं असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

फॉर्मवर लिहा: हाय ग्रेड टी-वन, गाठ कधी काढली, बीसीजीचा शेवटचा डोस कधी. हे फार महत्त्वाचं आहे. बीसीजीनंतर पेशी चिडलेल्या दिसतात आणि बघणाऱ्याला इतिहास माहीत नसेल तर तो उगाच संशय लिहील, नाहीतर खरा संशय बीसीजीच्या खात्यावर टाकेल. आमच्याकडे कितीतरी फॉर्म नुसतं नाव आणि वय लिहून यायचे.

आता उलटा प्रकार. लघवी हाय ग्रेडला पॉझिटिव्ह आणि दुर्बीण साफ, असं झालं तर तो रिपोर्ट बाजूला ठेवायचा नाही. चांगली सायटोलॉजी पॉझिटिव्ह म्हणते तेव्हा ती फार क्वचित चुकते. रोग लपायच्या जागा असतात. मूत्राशयाच्या अस्तरात सपाट पसरलेला कॅन्सर साध्या पांढऱ्या उजेडात नुसता लालसर डाग वाटतो किंवा दिसतही नाही. शिवाय मूत्रपिंडापासून खाली येणाऱ्या नळ्यांना तेच अस्तर असतं, तिथं दुर्बीण पोहोचत नाही. मग डाय घालून सीटी स्कॅन, मूत्राशयातून ठिकठिकाणचे तुकडे, असं पुढं करतात. म्हणून तर डॉक्टरांनी दोन्ही सांगितलंय. दुर्बिणीला जे दिसत नाही ते आमची काच सांगते, आमच्या काचेला जे दिसत नाही ते दुर्बिणीला दिसतं.

कोल्हापुरात सायटोलॉजी होते. फिशसारख्या तपासण्यांचं सॅम्पल इथं घेऊन बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवतात, खर्च काही हजारांत जातो. आपल्या युरोसर्जननी मागितली तरच करा. सायटोलॉजीत "अटिपिकल" असा अधांतरी रिपोर्ट आला तर फिशचा उपयोग होतो, एरवी पैसे घालवून निर्णय तोच राहतो.

इचलकरंजीची लेक

मधेच येते, पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या आईला लघवीतून रक्त जायचं. प्रत्येक वेळी "बायकांना होतंच, लघवीचं इन्फेक्शन आहे" म्हणून गोळ्या मिळाल्या. रक्त थांबायचं, परत यायचं. लघवी कल्चरला कुणी पाठवलीच नाही. शेवटी दुर्बीण झाली तेव्हा रोग स्नायूत गेला होता. आई कधी बिडी-तंबाखूला शिवली नाही, पण बाबा तिच्या शेजारीच ओढत बसायचे. ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी कल्चर मागा. जंतू नसतील आणि तरी रक्त जात असेल तर युरॉलॉजीचा डॉक्टर गाठा.

आणि शिरोलीच्या दादा, तुमच्या आण्णांसोबत डाईंगला जी माणसं होती त्यांचं काय? आमच्या गल्लीत त्या खात्यातली बरीच जुनी मंडळी आहेत. रंगाचा आणि ह्या रोगाचा संबंध खरंच आहे का?

काचपट्टी

आहे, आणि जुना आहे. जर्मनीत फ्रँकफर्टच्या रेन नावाच्या सर्जननी 1895 मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी दाखवून दिल्या होत्या. पुढं बेंझिडीन आणि नॅप्थिलअमीन ही द्रव्यं दोषी ठरली. आपल्याकडे बेंझिडीनच्या रंगांवर बंदी आली ती 1990च्या दशकात. त्वचेतून, श्वासातून ही द्रव्यं शरीरात जातात, शेवटी लघवीत उतरतात आणि लघवी साठते मूत्राशयात. तंबाखूच्या धुरातही ह्याच जातीची द्रव्यं असतात. ह्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांत कारण धूम्रपान असतं. रंग आणि बिडी दोन्ही असतील तर धोका आणखी वाढतो. आणि काम सोडल्यावर वीस-तीस वर्षांनीही रोग उगवू शकतो, म्हणून "आता तर रिटायर झालो" ह्याला अर्थ नाही.

त्या मंडळींना एवढंच सांगा: लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, न दुखता दिसलं, आपोआप थांबलं, तरी दाखवायचं. वर्षातून एकदा लघवीची साधी मायक्रोस्कोपी करून घेतली तर खर्च फारसा नाही. त्यात रक्तपेशी दिसल्या तर पुढचा रस्ता डॉक्टर ठरवतील. आणि डॉक्टरांना आपण कुठल्या खात्यात काम केलं ते आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

जुना बुधवार

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गाठ काढायची वेळ परत आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. नुसत्या तपासणीच्या दुर्बिणीचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो, तेव्हा दोन ठिकाणी विचारून ठेवा.

शिरोली नाका

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर ताईंचा पहिला प्रतिसाद आण्णांना वाचून दाखवला. 84 आणि 16 च्या आकड्यावर थांबवलं मला, परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "रंगाचा लॉट बिघडला की मास्तर नुसता नमुना बघून पास करत नव्हता, ताका उलगडून बघायचा." जायला तयार आहेत. एकच अट घातलीय, वाकणारी दुर्बीण. एका ठिकाणी ती मिळते असं कळलंय, पुढच्या मंगळवारची वेळ घेतली.

त्यांनी जुन्या खात्यातल्या दोघांना स्वतःहून फोनही केला. त्यातल्या एकाला मागच्या वर्षी असंच रक्त गेलं होतं, त्यानं पण कुणाला सांगितलेलं नाही. त्याला मी रविवारी जाऊन भेटणार आहे.

शेवटचं एक. सायटोलॉजीचं सॅम्पल त्याच मंगळवारी दुर्बीण झाल्यावर दिलं तर एकाच फेरीत काम होईल, चालेल का?

काचपट्टी

आधी द्या, नंतर नको. दुर्बीण घासून जाते तेव्हा निरोगी अस्तराच्या पेशींचे पुंजके सुटतात आणि काचेवर ते लो ग्रेडच्या गाठीसारखे दिसू शकतात. मंगळवारी सकाळी घरी पहिली लघवी करून निघा, लॅबमध्ये दुसरी द्या, मग दुर्बिणीला जा. आणि त्या दुसऱ्या गृहस्थांना रविवारपर्यंत थांबवू नका, आजच फोनवर सांगा की उद्या सोनोग्राफी आणि लघवीची मायक्रोस्कोपी करून युरोसर्जनला दाखवा. रिपोर्टमध्ये काही आलं नाही तरी डोळ्यांनी रक्त दिसलेलं आहे, त्यांना दुर्बीण लागेलच.